मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र

मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र म्हणजे पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपापले उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि कर्जे यांची संपूर्ण माहिती शपथेवर देण्यासाठी न्यायालयात दाखल करावयाचे निवेदन होय. अंतरिम पोटगीच्या अर्जावर सुनावणी होण्यापूर्वी ते दाखल झालेले असणे अपेक्षित असते. सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालाने या प्रतिज्ञापत्राचा नमुना संपूर्ण भारतासाठी ठरवून दिला. कौटुंबिक न्यायालय, जिल्हा न्यायालय किंवा दंडाधिकारी यांपैकी कोणाहीसमोर पोटगीचे प्रकरण चालू असले, तरी तो लागू होतो. महाराष्ट्रातील न्यायालयांच्या आवारात या कागदाला सर्रास 'ॲसेट्स-लायबिलिटीज ॲफिडेव्हिट' असेच म्हटले जाते. मराठी कागदपत्रांत प्रतिज्ञापत्र आणि शपथपत्र हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने येतात.

पार्श्वभूमी

भारतात पोटगी अनेक कायद्यांखाली मागता येते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २४, विशेष विवाह अधिनियम, १९५४ चे कलम ३६, हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ चे कलम १८, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ चे कलम २० आणि फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ चे कलम १२५ ही त्यांतील प्रमुख कलमे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्यावर कलम १२५ ची जागा तिच्या कलम १४४ ने घेतली. या कलमाखालील अर्जाची नोंद महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत 'ई' याचिका म्हणून होते.

कलम १२५ मध्ये मुळात दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. रक्कमच इतकी तुटपुंजी असल्यामुळे पतीचे नेमके उत्पन्न किती, या प्रश्नाला त्या कलमाखाली फारसे महत्त्व उरत नसे. २००१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा काढून टाकली, अंतरिम पोटगीची स्पष्ट तरतूद केली आणि तिच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत लागावा असे सांगितले. मर्यादा गेल्यावर उत्पन्नाचा आकडा हाच वादाचा केंद्रबिंदू झाला. मात्र तो आकडा बहुधा एकाच पक्षाच्या हाती असतो. घर सोडून माहेरी आलेल्या पत्नीकडे पतीच्या वेतनचिठ्ठ्या नसतात. त्याची खाती कोणत्या बँकांत आहेत, दुकानाचा गल्ला किती जमतो, गावाकडची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे तिला ऐकीव माहितीवरूनच सांगावे लागते. ती जे सांगते ते पती नाकारतो आणि अर्ज तारखांमागून तारखा रेंगाळतो. गरजा फुगवून सांगण्याकडे पत्नीचा आणि खरे उत्पन्न झाकण्याकडे पतीचा कल असतो, हे सर्वोच्च न्यायालयानेही आपल्या निकालात नोंदवले आहे.

या अडचणीवर पहिला पद्धतशीर उपाय दिल्ली उच्च न्यायालयाने केला. 'पुनीत कौर विरुद्ध इंदरजित सिंग साहनी' (२०११) आणि त्यानंतर 'कुसुम शर्मा विरुद्ध महिंदर कुमार शर्मा' या प्रकरणांत न्यायमूर्ती जे. आर. मिढा यांनी उत्पन्न, मालमत्ता व खर्च यांच्या तपशीलवार प्रतिज्ञापत्राचा नमुना तयार केला. कुसुम शर्मा प्रकरणात तो वेळोवेळी सुधारण्यात आला.

रजनेश विरुद्ध नेहा

हा खटला महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पत्नीने २०१३ मध्ये स्वतःसाठी व अज्ञान मुलासाठी कलम १२५ खाली अंतरिम पोटगी मागितली. कौटुंबिक न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये पत्नीला दरमहा १५,००० रुपये मंजूर केले आणि मुलासाठी स्वतंत्र रक्कम ठरवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०१८ मध्ये पतीची याचिका फेटाळली. त्यावर पती सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने खालच्या न्यायालयांचा आदेश कायम ठेवला. अंतरिम म्हणून मागितलेली रक्कम ठरून टिकायलाच सात वर्षे लागली होती.

प्रकरणाचे निमित्त करून खंडपीठाने पोटगीच्या कायद्यांतील परस्परव्याप्तीचा एकूण विचार केला. त्यासाठी न्यायमित्र म्हणून अनिता शेणॉय आणि गोपाल शंकरनारायणन यांचे साहाय्य घेण्यात आले. संविधानाच्या अनुच्छेद १३६ सह अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे पाच विषयांची आहेत : एकाहून अधिक कायद्यांखाली मागितलेल्या पोटगीची वजावट, अंतरिम पोटगीची कार्यपद्धती, रक्कम ठरवण्याचे निकष, पोटगी देय होण्याची तारीख आणि आदेशाची अंमलबजावणी. पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून देय राहील, हे चौथ्या विषयावरील उत्तर होते. प्रतिज्ञापत्राची तरतूद दुसऱ्या विषयात येते.

दाखल करण्याची मुदत

अर्जदाराने पोटगीच्या अर्जासोबतच आपले प्रतिज्ञापत्र जोडावयाचे असते. उत्तरवादीने आपले म्हणणे आणि प्रतिज्ञापत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यावे लागते. त्यासाठी दोनपेक्षा अधिक संधी न्यायालयाने देऊ नयेत असा निर्देश आहे. त्यानंतरही तारखा मागितल्या जात असतील आणि ही टाळाटाळ जाणूनबुजून व न्यायालयाला न जुमानणारी असल्याचे दिसले, तर उत्तरवादीचा बचाव रद्द करण्याचा विचार न्यायालय करू शकते. मुदतीत प्रतिज्ञापत्र आलेच नाही, तर अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र आणि अभिलेखावरील कथने यांच्या आधारे अर्जाचा निर्णय करता येतो. दोन्ही प्रतिज्ञापत्रे दाखल झाल्यावर अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत सकारण आदेशाने निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असेही निकालात म्हटले आहे.

नियम दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे. पत्नी कमावती असेल तर तिलाही आपले वेतन, ठेवी व दागिने सांगावे लागतात. ती कमावती आहे एवढ्या कारणाने तिचा पोटगीचा हक्क मात्र नष्ट होत नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील, दारिद्र्यरेषेखालील किंवा रोजंदारीवर काम करणाऱ्या पक्षकारांना प्रतिज्ञापत्रातून सूट आहे.

नमुन्याचे स्वरूप

निकालाला तीन नमुने जोडलेले आहेत. पहिला शेतीवर अवलंबून नसलेल्यांसाठी, दुसरा शेतीवर उपजीविका असलेल्यांसाठी आणि तिसरा मातृवंशीय समाजरचनेमुळे स्वतंत्र विचार आवश्यक ठरलेल्या मेघालय राज्यासाठी आहे. प्रकरणाच्या गरजेनुसार नमुन्यात फेरफार करण्याची मुभा न्यायालयांना आहे.

पहिला नमुना सर्वांत विस्तृत आहे. वैयक्तिक माहितीत नाव, वय, शिक्षण व व्यवसाय यांबरोबर विवाहाची आणि विभक्त झाल्याची तारीख, सध्याचे वास्तव्य सासरी, माहेरी की स्वतंत्र, आणि भाडे, घरखर्च, औषधपाणी, प्रवास यांवरील मासिक खर्च विचारला जातो. त्यानंतर पक्षकारांमधील इतर खटले व आधी ठरलेली पोटगी, अवलंबून असलेले कुटुंबीय, गंभीर आजारपण आणि मुलांचे पालनपोषण यांचे भाग येतात. मुले कोणाकडे राहतात आणि त्यांच्या शिक्षणाचा खर्च कोण करतो, हे येथेच नोंदवावे लागते.

उत्पन्नाच्या भागात नोकरदाराला नियोक्त्याचे नाव, हुद्दा आणि मासिक उत्पन्न भत्त्यांसह सांगावे लागते. शासकीय सेवेत असल्यास ताज्या वेतनचिठ्ठ्या किंवा पगार जमा झाल्याचा बँकेचा पुरावा, तर खासगी नोकरीत असल्यास हुद्दा व एकूण वेतन दाखवणारा नियोक्त्याचा दाखला आणि फॉर्म १६ जोडावयाचा असतो. भाडे, व्याज, लाभांश, मुदत ठेवी, पोस्टातील ठेवी, म्युच्युअल फंड आणि शेती यांचे उत्पन्न वेगळे दाखवावे लागते. सर्व बँक खात्यांचे मागील तीन वर्षांचे उतारे ही या भागातील सर्वांत बोलकी मागणी होय. सांगितलेल्या पगाराशी विसंगत असलेल्या जमा रकमा, विमा व गुंतवणुकीचे हप्ते, दुसऱ्या खात्यावर नियमित वळवले जाणारे पैसे हे सारे त्यांत उमटते.

मालमत्तेच्या भागात स्वकष्टार्जित मिळकत, विवाहानंतर संयुक्तपणे घेतलेली मिळकत, वडिलोपार्जित मिळकतीतील हिस्सा, ताबा कोणाकडे आहे याची स्थिती, दिलेली व घेतलेली कर्जे आणि विवाहकाळात वा त्यानंतर घेतलेल्या दागिन्यांचे वर्णन द्यावे लागते. विवाह अस्तित्वात असताना कोणती मिळकत विकली वा हस्तांतरित केली आणि का, हाही प्रश्न येथे आहे. वाद सुरू होताच सदनिका भावाच्या किंवा आईच्या नावे करून देण्याचा मार्ग त्यामुळे निदान कागदावर तरी उघडा पडतो.

दायित्वांच्या भागानंतर व्यावसायिक व स्वयंरोजगारी व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. त्यात व्यवसायाचे स्वरूप, एकल मालकी की भागीदारी, भागीदारीतील हिस्सा आणि निव्वळ उत्पन्न यांचा तपशील द्यावयाचा असतो व आयकर विवरणपत्र जोडावयाचे असते. दुसऱ्या जोडीदाराच्या उत्पन्नाविषयी व मालमत्तेविषयी आपल्याला असलेली माहिती देण्यासाठीही एक भाग राखलेला आहे. शेवटचा भाग अनिवासी भारतीय, परदेशी नागरिक किंवा परदेशात राहणाऱ्या पक्षकारांसाठी आहे. पुण्या-मुंबईत विवाह होऊन एक जोडीदार आखातात किंवा अमेरिकेत नोकरी करत असेल, अशा प्रकरणांत तो उपयोगी पडतो.

प्रतिज्ञापत्राच्या शेवटी तीन गोष्टींची घोषणा असते. दिलेली माहिती पूर्ण व अचूक आहे, परिस्थितीत महत्त्वाचा बदल झाल्यास तो न्यायालयाला त्वरित कळवला जाईल आणि खोट्या विधानाचे फौजदारी परिणाम प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला समजले आहेत, असे तिचे स्वरूप आहे.

शेतीच्या उत्पन्नाचा प्रश्न

दुसऱ्या नमुन्यात जमिनीचे एकूण क्षेत्र किंवा त्यातील हिस्सा, मालकी दाखवणारे महसुली उतारे, जमीन बागायती की जिरायती, वर्षभरातील पिके, मागील तीन वर्षांचे उत्पन्न, बटाईने वा खंडाने घेतलेली जमीन, जमिनीवरील कर्ज आणि गायी, म्हशी, शेळ्या, कोंबड्या इत्यादींची संख्या व त्यांपासूनचे उत्पन्न विचारले आहे. महाराष्ट्रात यासाठी गाव नमुना सातचा आणि बाराचा एकत्रित उतारा म्हणजे सात-बारा, खातेदाराच्या एकूण जमिनीचा आठ-अ आणि फेरफाराचा उतारा जोडला जातो. सात-बारावरील 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा वा विकास सोसायटीचा बोजा दिसतो. गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते.

तरीही शेतीचे उत्पन्न ठरवणे नोकरदाराच्या पगाराइतके सोपे नसते. कृषी उत्पन्नावर केंद्रीय आयकर नसल्यामुळे विवरणपत्रात त्याचे खरे चित्र बहुधा मिळत नाही. साखर कारखान्याने दिलेले उसाचे बिल, बाजार समितीतील अडत्याची पट्टी, दूध संघाची बिले आणि सोसायटीच्या खात्याचा उतारा हे अशा प्रकरणांत खऱ्या अर्थाने उपयोगाचे पुरावे ठरतात, कारण ते तिसऱ्या पक्षाकडे तयार झालेले असतात. एकत्र कुटुंबाची जमीन वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे असेल, तर सात-बारावर मुलाचे नाव नसते आणि 'माझ्या नावे जमीन नाही' हे विधान अक्षरशः खरे असूनही दिशाभूल करणारे होते. नमुना केवळ नावावरील जमीन विचारत नाही, हिस्साही विचारतो. अशा वेळी जुने फेरफार आणि वंशावळ यांवरून हिस्सा दाखवता येतो.

पूर्ततेतील अडचणी

व्यवहारात बरीच प्रतिज्ञापत्रे अपूर्ण असतात. रकाने कोरे सोडणे हा सर्वांत साधा दोष होय. कोरा रकाना म्हणजे 'काही नाही' की 'सांगायचे नाही', हे न्यायालयाला कळत नाही. लागू नसलेल्या प्रश्नापुढे तसे स्पष्ट लिहिणे म्हणूनच आवश्यक ठरते. पगाराचे एकच खाते दाखवून बचत, संयुक्त व आवर्ती ठेवींची खाती वगळणे, एकूण वेतनाऐवजी सगळ्या कपातींनंतर हातात येणारी रक्कम लिहिणे, उतारे न जोडता केवळ शिल्लक नमूद करणे, हे दोषही नेहमीचे आहेत. कपातींबाबत न्यायालये सक्तीच्या आणि ऐच्छिक कपातींत फरक करतात. आयकर किंवा व्यवसाय कर वजा होणे वेगळे आणि स्वेच्छेने घेतलेल्या कर्जाचा मोठा हप्ता दाखवून पोटगी देण्याची क्षमता नसल्याचे सांगणे वेगळे.

दुसऱ्या जोडीदाराविषयीच्या भागात पत्नीची अडचण अधिक असते. तिला निश्चित ठाऊक असलेली गोष्ट आणि ऐकलेली गोष्ट यांत भेद करावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १९, नियम ३ प्रमाणे प्रतिज्ञापत्र स्वतःला ज्ञात असलेल्या तथ्यांपुरते मर्यादित असावे लागते. अंतरिम अर्जात समजुतीवर आधारलेली विधानेही चालतात, परंतु त्यांचा आधार सांगावा लागतो. जुनी वेतनचिठ्ठी, विवाह जुळवताना दिलेला परिचयपत्रातील पगाराचा आकडा, वाहनाचा क्रमांक किंवा दुकानाचे छायाचित्र अशा गोष्टी या ठिकाणी आधार म्हणून पुढे केल्या जातात. परिचयपत्रात पगार वाढवून सांगण्याची प्रथा सर्वपरिचित असल्याने त्या आकड्याला स्वतंत्रपणे फारसे वजन मिळत नाही.

प्रतिज्ञापत्र न्यायालयाचा अधिकृत अधिकारी, दंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर करता येते. महाराष्ट्रात न्यायालयात दाखल करण्यासाठीच केलेल्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्कातून सूट आहे. पोटगी व घटस्फोटाच्या प्रकरणांत महिलांना न्यायालय शुल्कही माफ आहे. त्यासाठीची राज्य शासनाची अधिसूचना १९९४ ची आहे. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ नुसार वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही. प्रत्यक्षात वकिलांना सहसा परवानगी मिळते. तरीही वकिलाविना आलेल्या पक्षकाराला हा दीर्घ नमुना स्वतःच भरावा लागतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली महिलांना व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते.

खोटी किंवा अपुरी माहिती

एका पक्षाचे प्रतिज्ञापत्र दुसऱ्याला मान्य नसेल, तर त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली लेखी प्रश्नावली बजावण्याची आणि कागदपत्रे हजर करवण्याची परवानगी मागता येते. न्यायालयही आदेश १० खाली पक्षकारांची तोंडी तपासणी करू शकते किंवा भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १६५ मधील, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १६८ मधील, अधिकार वापरून स्वतः प्रश्न विचारू शकते. नोकरी सुटणे, बढती मिळणे, नवी माहिती हाती येणे अशा प्रसंगी सुधारित किंवा पुरवणी प्रतिज्ञापत्र देता येते.

जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे आढळल्यास न्यायालय फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० खालील, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खालील, कार्यवाही सुरू करण्याचा विचार करू शकते. न्यायालयाच्या अवमानाची कारवाईही शक्य असते. न्यायिक कार्यवाहीत खोटा पुरावा देण्याच्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. मात्र हा मार्ग लांबचा आहे. पोटगीच्या अर्जात तात्काळ परिणाम होतो तो प्रतिकूल अनुमानाचा. जी माहिती केवळ एका पक्षाच्याच ज्ञानात आहे ती त्याने दडवली, तर न्यायालय दुसऱ्या पक्षाच्या कथनावर विसंबून अंदाजाने उत्पन्न ठरवते आणि तो अंदाज माहिती दडवणाऱ्याच्या सोयीचा असेलच असे नाही.

अन्य देशांतील पद्धती

सुनावणीपूर्वी आर्थिक माहिती उघड करण्याची सक्ती अन्य देशांतही आहे. इंग्लंड व वेल्समध्ये घटस्फोटानंतरच्या आर्थिक वादात दोन्ही पक्षांना न्यायालयातील पहिल्या तारखेच्या किमान ३५ दिवस आधी 'फॉर्म ई' नावाचे विस्तृत विवरण एकमेकांना द्यावे लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात प्रकरणाच्या प्रगतीचा आढावा घेणाऱ्या सुनावणीला 'स्टेटस कॉन्फरन्स' म्हणतात. तेथे याचिका दाखल झाल्यापासून ६० दिवसांत अर्जदाराने प्राथमिक विवरण दुसऱ्या पक्षाला देणे बंधनकारक आहे. मालमत्ता व कर्जांचा तक्ता आणि उत्पन्न-खर्चाचे निवेदन हे त्याचे मुख्य भाग होत. हे प्राथमिक विवरण तेथे न्यायालयात जमा करावयाचे नसून ते दिल्याची घोषणा तेवढी दाखल होते. माहिती दडवण्याची तेथील शिक्षा कठोर असू शकते. घटस्फोटाच्या वेळी सुमारे १३ लाख डॉलरची लॉटरी लागल्याचे लपवणाऱ्या एका पत्नीकडून ती संपूर्ण रक्कम काढून पतीला देण्याचा आदेश तेथील अपील न्यायालयाने २००१ मध्ये कायम केला. भारतात विवाहानंतर मिळवलेल्या मालमत्तेची पती-पत्नींत वाटणी करणारी सर्वसाधारण तरतूद नाही. त्यामुळे येथील प्रतिज्ञापत्राचा उपयोग प्रामुख्याने पोटगीची रक्कम ठरवण्यापुरता राहतो.

अंमलबजावणी

निकालाची प्रत सर्व उच्च न्यायालयांमार्फत जिल्हा न्यायालयांपर्यंत पोहोचवण्याचा निर्देश २०२० मध्येच देण्यात आला होता. तरीही प्रतिज्ञापत्रे न घेताच पोटगीचे आदेश होत राहिले. 'अदिती ऊर्फ मिठी विरुद्ध जितेश शर्मा' या प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या खंडपीठाने या त्रुटीची दखल घेतली आणि रजनेश निकालातील मार्गदर्शक तत्त्वे पुन्हा एकदा सर्व न्यायिक अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवण्यास सांगितले. प्रतिज्ञापत्राविना झालेले आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवण्याचे प्रसंग त्यामुळे उच्च न्यायालयांसमोर येतात. अशा फेरचौकशीचा भुर्दंड मात्र बहुधा पोटगी मागणाऱ्यालाच बसतो, कारण नवा आदेश होईपर्यंत हाती आलेली किंवा येऊ घातलेली रक्कम पुन्हा अनिश्चित होते. त्यामुळे उत्तरवादीने टाळाटाळ केली तरी स्वतःचे प्रतिज्ञापत्र पूर्ण स्वरूपात अभिलेखावर ठेवणे आणि उत्तरवादीला दिलेल्या संधींची नोंद रोजनाम्यात होईल याकडे लक्ष देणे, यावर अर्जदाराच्या वकिलांचा भर असतो.